उणे अठरा

मकरपुऱ्यात, आइस्क्रीमच्या गोदामात
मुद्दाम मागून घेतली रात्रपाळी.
उणे अठरा.
व्हॅनिलाच्या खोक्यांमध्ये बसून
हातमोज्यांसकट
मुकुलच्या जुन्या स्केट्सची बकलं
लावते, काढते, लावते.
औलीला भाड्याचे बूट
असेच चढवायचेत म्हणे लोकांच्या पायांत,
तीन महिने.

बाहेर आले की चष्मा आंधळा,
अंगावर बडोद्याचा नोव्हेंबर, अजून घामट.

दांडिया बाजारात आईनं
लोकरीचे मोजे विणायला घेतलेत.
"माप?"
माझंच की.
"तुझं नाही गं, बर्फाचं.
पाय किती आत जातो?"

मला तरी कुठं ठाऊक.
भिंतीला टेकवून उभं केलं तिनं मला,
गुडघ्याशी पेन्सिलची रेघ ओढली,
थांबली जरा,
मग अजून चार बोटं वर.