आज कोणतं केळ?

डॉक्टर माझ्याशी बोलले,
उखर्डूशी नाही.
तो शेजारच्याच खुर्चीत होता, बावन्न वर्षांचा,
चपला उलट्या पायांत,
टेबलावरच्या प्लास्टिकच्या पोटाचं झाकण
काढत आणि लावत.
"यांना काही कळत असेल?"
"त्यालाच विचारा," मी म्हटलं.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

जुबेदा तडवी, यावलची नर्स,
मंगळवार-शुक्रवार स्कुटीवर येते.
पहिल्या दिवशी तिनं चेहऱ्यांचा तक्ता काढला:
हसरा, बरा, रडवा, फार रडवा.
"दादा, यातला तुमचा कोणता?"
रात्रभर उशी चावलेल्या माझ्या भावानं
हसऱ्यावर बोट ठेवलं.
आवडला म्हणून.
दुसऱ्यांदाही तोच. तिसऱ्यांदाही.
कागदोपत्री दहा दिवस
त्याला काहीच दुखत नव्हतं.

मग तिनं विचारलं, हा काम काय करायचा.
सावद्याला, केळीच्या वखारीत, तेवीस वर्षं,
धुतलेल्या फण्यांमध्ये फोमचे कागद घालायला.
मोजण्यात चुकायचा, पगारात फसायचा,
पण डागी केळ त्याच्या हातून कधी पुढं गेलं नाही.

संध्याकाळी ती चार केळी घेऊन परत आली.
हिरवं. पिवळं. ठिपक्याठिपक्यांचं.
आणि एक पार काळं, पाणी सुटलेलं.
"आज पोटात कोणतं?"
उखर्डूनं वेळ घेतला.
एकेक उचलून हुंगलं,
ट्रक भरताना हुंगायचा तसं,
आणि काळं केळ दोन्ही हातांनी, सांभाळून,
माझ्या पदरात ठेवलं.
"हे फेकाचं," म्हणाला. "लवकर."

त्या रात्री मॉर्फिनची पहिली गोळी.
तो झोपला. मी नाही.

आई रोज दिवा लावताना म्हणायची,
"देवा, याले माह्या आंधी ने."
आम्हा मुलींना तो शाप वाटायचा.
गेली तीच आधी,
आणि तिचं मागणं आता
पत्ता चुकून माझ्या दारात आलंय.
मी तसलं कधी मागितलं नव्हतं.
खोटं. एकदा मागितलं होतं,
दवाखान्याच्या जिन्यात, पिशवी खाली ठेवून.

वहिनी म्हणतात, त्याला सांगू नका, घाबरेल.
भाऊ पुण्याहून म्हणतो, मोठ्या दवाखान्यात ठेवू,
पैशाचं मी बघतो.
जळगावला त्यानं दोनदा नळ्या उपटल्या
तेव्हा त्याचे हात खाटेला बांधले होते.
मनगटावरचे वळ गेले कधीच,
तरी आल्यागेल्याला मनगट दाखवतो.
"घरीच राहील," मी म्हटलं.
कागदावर सही माझी हवी होती.
त्यानंच शाईत अंगठा बुडवला,
एकदा, पुन्हा एकदा,
मग सगळा कागद भरेपर्यंत.

काल मागच्या बागेत घड उतरवत होते.
खिडकीतून बघत होता.
घड गेला, विळा चालला, खोड आडवं.
"आता हे मेलं,"
मला शिकवल्यासारखं म्हणाला.
"हो."
"घड गेला ना त्याचा, म्हणून."
"हो."
मग बराच वेळ काही नाही.
"माहा घड कुठी हे?"

एकतीस वर्षं मी मास्तरीण होते चिनावलच्या शाळेत.
बुंध्यापाशी उगवणारं पील, पुढची बाग,
असलं काहीतरी ओठांवर आलं
आणि मी ते गिळलं.
"माहीत नाही रे, उखा."
त्याला ते चाललं.
मला अजून चाललेलं नाही.

आज शुक्रवार.
गल्लीच्या तोंडाशी स्कुटीचा आवाज.
ताटात चार केळी मांडून ठेवलीत.
तो आता उठून बसत नाही,
बोट तेवढं हलतं.
ठिपक्यांच्या केळापाशी जातं, थांबतं,
मग पिवळ्याकडे वळतं.
सोल, म्हणतो.
सोललं. त्याच्या ओठांशी नेलं,
तर मान फिरवली
आणि माझा हात माझ्याच तोंडाकडे ढकलला.
"तू खाय. जेवली नाही तू."