गुरुवार, दुपारी दीड

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
उरलेल्यांनी काय करावं
ते म्हणीत नाही.

डुलुथ. जानेवारी. उणे अठ्ठावीस.
सरोवर गोठून मैदानासारखं पांढरं,
आणि तिसऱ्या मजल्यावर मी,
यंत्रावर बोटं ठेवून.
जे बोललं जाईल ते टंकायचं, हे माझं काम.
जे बोललं जात नाही त्याचीही एक कळ आहे:
(उत्तर नाही.)

आर्विड लाहटी, वय एक्केचाळीस.
दुकानातून सहा लोकरी कोट उचलले
आणि रस्त्यावरच्या पार्किंग मीटरांना घातले.
बटणंसुद्धा लावली.
थंडीनं ते रात्रभर रडतात, म्हणाला,
त्याला झोप येत नव्हती.

ऐकून हसू येतं. मलाही आलं.
पण दारात अडवणाऱ्या डेनीस बोप्रेला
त्यानं ढकललं होतं.
तिचं मनगट दोन ठिकाणी मोडलं,
आणि ते मनगट घेऊन ती दर गुरुवारी
मागच्या बाकावर येऊन बसायची.
तिला कुणी बोलावलं नव्हतं.

खालच्या कोर्टात मी त्याला पाचदा टंकलंय.
गुन्हा कबूल? कबूल. नव्वद दिवस. पुढचा.
चार मिनिटं.
सुटायचा, गोळ्या संपायच्या,
आणि निर्जीव वस्तूंना पुन्हा कंठ फुटायचा.

इथं आधी बंद खोलीत
एकाच टेबलाशी बसतात सगळे:
सरकारी वकील, त्याची वकील, प्रोबेशनवाला,
नर्स मार्गिट, कॉफीची किटली.
भांडतात. खोली मिळाली म्हणतं कुणी,
खोलीला हीटर नाही म्हणतं कुणी.
ते मला टंकावं लागत नाही.

मग न्यायाधीश हाल्वर्सनबाई येतात,
चष्मा कपाळावर सारतात आणि विचारतात,
"झोप लागते का, मिस्टर लाहटी?"

सव्वीस वर्षं हे काम करते मी.
हा प्रश्न माझ्या बोटांना ठाऊक नव्हता.
अडखळली.

(उत्तर नाही.)
पुढच्या गुरुवारी: (उत्तर नाही.)
त्याच्या पुढच्या: "इंजेक्शननं तोंड कोरडं पडतं."
मार्गिटनं लिहून घेतलं.
मार्चमध्ये: "बटाटे उकडले. स्वतः."
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
भर कोर्टात, बटाट्यांसाठी.
मी टंकलं: (टाळ्या.)
डेनीस बोप्रेनं वाजवल्या नाहीत.
तिचा हात अजून प्लास्टरमध्ये होता.
किंवा नसेलही, मला आठवत नाही.

जूनमध्ये तो नाहीसा झाला.
एकोणीस दिवस.
बंदरावरच्या जुन्या धान्यकोठारामागे सापडला,
अनवाणी, एका खांबाची समजूत काढताना.
मला वाटलं, संपलं.
सरकारी वकिलानं तर फाइल मिटलीसुद्धा.
बाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "आता आठवड्यातून दोनदा या.
मंगळवारीही मी इथंच असते."
शिक्षा म्हणाल तर एवढीच.

सगळे असे परतत नाहीत.
यादीत त्याच्या वर एक नाव असायचं, कोरिन.
ऑगस्टनंतर मी ते टंकलेलं नाही.

दुसऱ्या जुलैत खटला काढून टाकला.
बाहेर सरोवरावरून धुकं चढत होतं.
बाईंनी विचारलं, "आवाज?"
"येतात. मी म्हणतो, गुरुवारी बोलू."
(हशा.)

तेव्हा मागच्या बाकावरून डेनीस बोप्रे उठली.
"मला अजून बरणीचं झाकण उघडता येत नाही,"
एवढंच म्हणाली.
कुणी तिला खाली बसा म्हटलं नाही.
तो वळला. तोंड उघडलं, मिटलं.
माझं बोट त्या कळीवर गेलं,
आणि तिथंच थांबलं.
कारण ते उत्तर नव्हतं, असं नव्हतं.

जाताना त्यानं लिफ्टचं दार धरून ठेवलं.
ती जिन्यानं गेली.
दार बराच वेळ उघडं होतं.