तेरावा चमचा

राजवाडा म्हणू नका, तिकिटं फाडता फाडता बोदिल म्हणाली,
हे नुसतं घर. उन्हाळ्यातलं.
राजाची विधवा बहीण जूनमध्ये यायची,
सफरचंदं उतरवून झाली की जायची.
आणि तिनं आमच्या पायांशी टाकले
नमद्याचे ढगळ सपाते,
बुटांवरून चढवायचे,
लाकडी जमिनीला ओरखडा नको म्हणून.

एस्बेन, माझा धाकटा भाऊ,
चाळीस वर्षं दूधसंघात काढलेला,
पाय घासत चालू लागला.
तिकीटही आपलंच आणि जमीनही आपणच पुसायची,
तो पुटपुटला.
किर्स्टीनमावशीची राहिलेली पाळी असेल.

आईची ती मावशी.
पंधराव्या वर्षी इथं भांड्यांना लागली,
सोळाव्या वर्षी तिला काढलं.
एका चमच्यावरून.
चोरला, की कुणी दिला, की डुकरांच्या खरकट्यात सापडला,
घरात यावर कुणी बोलायचं नाही.
बोलायचं नाही, हे मात्र सगळ्यांना ठाऊक.
आई गेल्यावर, मार्चमध्ये,
शिवणाच्या डब्यात बटणांखाली मिळाला:
दांड्यावर मुकुट, मुकुटाखाली एक अक्षर.
आत्ता माझ्या कोटाच्या खिशात आहे, रुमालात,
पावलागणिक मांडीला लागतोय.

सात खोल्या. मोजून सात.
दिवाणखान्यातला संगमरवरी खांब
बोदिलची पाठ वळताच एस्बेननं पेरानं वाजवला.
टक् टक्. पाइन.
वरच्या शिरा रंगाऱ्यानं ओढलेल्या, कोंबडीच्या पिसानं.
राजाच्या बहिणीलाही खरा दगड परवडला नव्हता.
पलंग इतका आखूड, की ती बसूनच झोपायची.
छाती भरून यायची म्हणून,
किंवा मरण आलंच तर आपण आडवे दिसू नये म्हणून.
दोन्ही सांगतात, बोदिल म्हणाली.
खिडकीच्या फटीत एक मेलेली गांधीलमाशी,
बाहेर बीचची झाडं,
त्यांच्यामागे समुद्राची राखी किनार.
मला ते घर आवडत चाललं होतं
आणि त्याचाच राग येत होता.

मग जेवणघर. काचेचं कपाट. निळी मखमल.
फ्यूनच्या बसमध्ये मी वाक्य पाठ केलं होतं:
हे तुमचं. आमच्याकडे राहून गेलं.
तोंड उघडण्याआधी मोजले.
एस्बेननंही मोजले, ओठ हलवत, दुधाचे कॅन मोजावेत तसे.

बारा खाचा. बारा चमचे.

यातला एक नंतरचा, बोदिल म्हणाली,
मागाहून घडवून घेतलेला.
कुठला, ते आता कुणालाच सांगता येत नाही.

बाराही मुकुटांच्या कडा जिथल्या तिथे, धारदार.
खिशातल्या खिशात मी अंगठा फिरवला.
आमचा मुकुट गुळगुळीत,
चमच्याची उजवी कड झिजून सपाट.
मावशी डावखुरी.
ओटची पेज ढवळताना तिच्या चुलीपाशी
मी कितीदा उभी राहिलेय,
पातेल्याच्या बुडाशी तो खरडल्याचा आवाज ऐकत.
दांडा कायम तिच्या मुठीत.
वर काय कोरलंय, कधी दिसलंच नाही.

काय बोलायचं असतं अशा वेळी?
छान ठेवलंय सगळं, मी म्हणाले.
बोदिलला बरं वाटलं.

सपाते टोपलीत टाकून आम्ही बाहेर आलो.
मग? एस्बेननं विचारलं.
भूक लागलीय, मी म्हटलं.
फाटकाजवळच्या दुकानात ताकाचं गार, गोड सूप मिळालं,
लिंबाची साल किसून घातलेलं.
भिंतीच्या उन्हात बसून खाल्लं,
एकाच चमच्यानं, आळीपाळीनं,
लहानपणी आजारी असताना खायचो तसं.

पाच वाजता बोदिल कुलूप लावून निघाली,
आमच्यापाशी थबकली.
चमचा घरून आणलात ते बरं केलंत, म्हणाली.
इथले प्लास्टिकचे. लगेच मोडतात.