शून्य बरोबर

हरिपुरात, संगमाच्या अलीकडे,
जमिनीला एक तोंड आहे, दोन हात रुंद.
तहसीन मुल्ला तिथं पालथी पडून आत नळी सोडते
आणि मी वर घड्याळ धरून बसते.

फोन खाली नेला की मुका होतो.
वीस फूट मातीनं आजवर कुणाची रेंज मानलेली नाही.

म्हणून मुंग्या.
प्रयोगशाळेच्या खिडकीखाली त्यांची रांग होती
साखरेच्या पुडीपासून स्विचबोर्डापर्यंत.
तहसीननं मधूनच ओलं बोट फिरवलं,
वीतभर वाक्य पुसलं गेलं.
अलीकडच्या अलीकडे घुटमळल्या, पलीकडच्या पलीकडे.
"आपण हे हवेत लिहू," ती म्हणाली.

मिरजेच्या दुकानातून स्पिरिट आणलं.
एक फवारा म्हणजे एक,
फवारा नाही म्हणजे शून्य,
अशा सहा खुणांचं एक अक्षर.
घाई केली तर आधीचा फवारा अजून रेंगाळत असतो,
नवा त्यात मिसळतो,
आणि खालचं यंत्र भलतंच वाचतं.
थांबायचं.
किती, तर आधीचं बोलणं विरेपर्यंत.
आमच्या घरी हे कुणालाच कधी जमलं नव्हतं.
'ये' म्हणायला अकरा मिनिटं लागतात.

यल्लाप्पामामा कडुनिंबाखाली बसून हसायचे.
त्यांच्या वेळी पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा.
विझला तर उतरायचं नाही.
"एकाच अक्षराची भाषा व्हती आमची," ते म्हणायचे,
"पर चुकली न्हाई."
दोन वर्षांमागच्या तापात त्यांचं नाक गेलं.
आता आमटी करपली तरी
शेजारीण येऊन सांगते.

बुधवारी, आम्ही काही पाठवायच्या आधीच
अक्षरं आली.
(चाचणीपुरती एक वायर वर आणली होती,
थोडी लबाडीच ती.)
ळ.
बराच वेळ काही नाही.
ळ. मग ण. पुन्हा ळ.

फवाऱ्याची बाटली अजून पिशवीत होती.
पेव रिकामं.
पुराचं पाणी शिरल्यापासून
कुणी हळकुंडही उतरवलेलं नाही.
"काय म्हणतंय गं?"
"गोंगाट आहे, मामा. भिंतींचा वास येतोय त्याला."
"गोंगाट कसला. हळद हाय ती.
निम्मा बाजार निजायचा हितं."

ते उठले. गुडघे टेकले, मग छाती,
डोकं त्या तोंडात घातलं
आणि इतका लांब श्वास ओढला
की तहसीननं नकळत त्यांचा पाय धरला.

वर आले तेव्हा कपाळाला माती होती.
काही बोलले नाहीत.
खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
पडद्याजवळ वाकले,
आणि बोट धरून, शाळेतल्यासारखं,
त्यांनी तो वास वाचला:
ळ. ळ. ण. ळ.
"बराबर हाय," म्हणाले.

ऊन उतरल्यावर तहसीननं यंत्र नव्यानं लावलं.
जे आधीपासून आहे ते वजा करायचं,
त्याच्यावर जे येईल ते आपलं.
मी वहीत तारीख घातली
आणि खाली लिहिलं:
शून्य बरोबर हळद.

मग पहिला फवारा सोडला,
आणि तिघंही थांबलो.