दार कुणीकडं बघतं

हरिपूर रोडला, पिठाच्या गिरणीमागं
मगदूमांचं घर. मुलगा पुण्याला.
फोन त्याचाच होता : "मॅडम, दार दक्षिणेला आहे का
तेवढं पक्कं सांगा. असलं तर फिरवून घेऊ."
फी त्यानं आधीच पाठवली.

मी घड्याळ काढलं, बांगडी काढली,
किल्ल्या पर्समध्ये, पर्स कट्ट्यावर,
मोबाइल त्याच्याही पलीकडं.
मग घराकडं पाठ केली.
लोकांना वाटतं, दाराकडं तोंड करून मोजतात.
नाही. दार जे बघतं ते बघायचं :
समोर पंक्चरवाला, त्याचं पाण्याचं घमेलं,
लिंबाखाली जू टेकून बसलेली
उसाची रिकामी गाडी.

उंबऱ्यावर एकशे एक्काहत्तर.
पायरीवर एकशे नव्वद.
रस्त्यात, सात पावलं पुढं, दोनशे सात.

पद्मावतीबाई दारात उभ्या. "बिघडलंय का ओ?"

दार लोखंडी. कुपवाडच्या शेडमध्ये
भूपाल मगदूमांनी सुट्टीच्या दिवशी केलेलं.
वर द्राक्षाचा वेल, एका पानावर
वेल्डिंगचा थेंब तसाच राहिलेला.
कंपास जवळ नेला तशी सुई हलली,
घुटमळली,
कडीकडं तोंड करून थांबली.
आम्हाला शिकवलंय, लोखंडापासून लांब राहा.
"सुईला बी दारच आवडलंय जणू,"
बाई म्हणाल्या, आणि पदरानं कडी पुसली.

मग माझा नेहमीचा प्रश्न :
जास्त वापर कुठल्या दाराचा?

"ह्या दारानं कोण येतंय?
ढकलायलाच दोन माणसं लागतात.
दूधवाला मागनं. शेजारची वृषाली मागनं.
पुढनं गेले ते हेच तेवढे."
थोडं थांबून :
"आन् पुराच्या साली आम्ही
माडीच्या खिडकीतनं होडीत उतरलो.
तवा दार कुटलं धरायचं?"

माझ्या वहीत त्याला रकाना नाही.

माडीवर गेले. खिडकीचे गज
तेव्हाच कापलेले, परत बसवले नाहीत.
भिंतीवर पाण्याची रेघ, तिच्यावर दोनदा रंग देऊनही.
इथं सुई पहिल्यांदाच गप्प उभी राहिली.
दोनशे सत्त्याण्णव. वायव्य.
मदतीला येणारी माणसं, प्रवास,
असं आमच्यात म्हणतात.
मी हे त्यांना सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या,
ते तर आम्हाला ठावं हाय.

कट्ट्यावर बसून कागद भरला.
मुख्य दार : रस्त्यातला आकडा, नैर्ऋत्य.
चिन्यांच्या हिशेबात ही घरच्या थोरल्या बाईची दिशा,
आपल्याकडं राक्षसाची.
मुलाला पाठवलं :
दक्षिण नाही. दार हलवू नका.
शंभर टक्के खरं का? उंबऱ्यावर उभं राहून मोजलं
तर दक्षिणच होती.
पण उंबऱ्यावर मी एकटी नव्हते.

चहा झाला. निघायला उठले,
पुढं आले तर चपला नाहीत.
"मागं नेऊन ठेवल्यात," बाई आतनं म्हणाल्या,
"आता तुम्ही काय परक्या हाय व्हय?"

मागं, नळाच्या ओल्या फरशीपाशी
पाच-सहा जोड. त्यात माझा,
बोटं बाहेरच्या बाजूला करून
नीट लावलेला.