मांडी

दर दोन वर्षांनी इथे माझी छाती तपासतात.
गार पत्र्याला चिकटून उभा राहतो, श्वास धरतो,
दंडातून नळीभर रक्त जातं
आणि कागदावर निळा शिक्का उमटतो : फिट.
म्हणजे राहायला फिट. पावत्या मोजायला फिट.
गुडघ्यांबद्दल कोणी काही विचारत नाही.

एकवीस वर्षं झाली सोहारला.
स्टोअरमध्ये बेअरिंग, व्हॉल्व्ह, पट्टे यांच्या तारखा सांभाळतो,
कशाला कधी ग्रीस, काय कधी बदलायचं.
स्वतःचं कार्ड भरायचं राहूनच गेलं.
एसी खोली, एसी गाडी, एसी ऑफिस,
यांच्या मधली पावलं एकदा मोजली :
चारशे बारा.
तीही उन्हाला शिव्या देत.

मग खलफानच्या घरची ईद.
गालिच्यावर परातीएवढं ताट,
भातावर रात्रभर खड्ड्यात शिजलेलं शुवा,
भोवती बारा जण खाली बसलेले.
त्यात त्याचा बाप, ऐंशीच्या पुढचा,
एक पाय दुमडून, एक गुडघा उभा,
गोट्या खेळायला बसल्यासारखा.
आणि मला, अठ्ठावन्न वर्षांच्या मला,
नातवाने पळत जाऊन खुर्ची आणली.
प्लास्टिकची. पांढरी.
वरून सगळ्यांच्या भरतकामाच्या टोप्या दिसत होत्या.
मांडीवर बशी धरून जेवलो.
मटण मऊ होतं. तरी उतरेना.

रात्री खोलीचं दार लावून पाहिलं.
बसलो. बसलो कसला, पडलो.
उठायला आधी पलंग,
मग कपाटाची कडी,
मग कडीच हातात आली.

वृंदाला फोनवर सांगितलं. वाटलं हसेल.
"तू पंगतीत वाढायचास," ती म्हणाली, "वाकून वाकून,
मिठापासून ताकापर्यंत, साठ पानं.
तेव्हाच तर पाहिलं मी तुला."
मग बराच वेळ दोघंही गप्प,
आणि फोनचं मीटर चालू.

बकरी ईदला दहा आठवडे होते.

पहाटेच्या बांगेला समुद्रावर.
हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
वर्गीस उलटा चालतो, गुडघ्यांना बरं म्हणतो,
दोनदा कचऱ्याच्या डब्यावर आपटलाय, तरी म्हणतो.
मी सरळच चालतो. दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत,
मग तिसऱ्यापर्यंत.
खोलीत भिंतीला पाठ लावून खाली सरकायचं,
थांबायचं, दहा आकडे, वर यायचं.
उशी एक, उशी दोन, मग एकच,
मग नुसती चटई.
सहाव्या आठवड्यात काहीच केलं नाही.
आंबे आले होते गावाहून, ते खाल्ले.

एकदा म्हातारा भेटला वाळूत,
उकिडवा बसून जाळं शिवताना.
मी माझ्या मोडक्या अरबीत विचारलं, कसं जमतं?
त्याने तोंड उघडून दाखवलं. एकही दात नाही.
"माझे दात तुझ्याकडे राहिलेत," म्हणाला,
"तुझे गुडघे माझ्याकडे. अदलाबदल करतोस?"
मी विचार केला थोडा. खरोखर केला.

ईद.
पोरगं खुर्चीकडे धावलं.
मी म्हटलं, ला, ला.
आणि बसलो.
डावा गुडघा पूर्ण मिटत नाही,
पावसाळ्यात फुगलेल्या खणासारखा थोडा बाहेर राहतो.
राहू दे.
हात भातात. शेजारच्याचा कोपर माझ्या कोपराला.
म्हाताऱ्याने हाडापासून मऊ तुकडा सोडवून
माझ्यापुढे सरकवला, न बघता.
टोप्या आता दिसत नव्हत्या, चेहरे दिसत होते.

सगळे हात धुवायला गेले. मी तिथेच.
पायाला मुंग्या, ताटात चार शितं.
मग उठलो.
एक हात लागला उठताना.
माझाच, माझ्याच गुडघ्यावर.

कोपऱ्यात पांढऱ्या खुर्चीवर
कोणीतरी फोन चार्जिंगला लावून ठेवला होता.