चादरीच्या मापाने

दाजी पेठेतल्या आमच्या गच्चीवरून
समुद्र, जवळात जवळ धरला तरी, तीनशे किलोमीटर.
नायनांनी तो पाहिलेला नाही.
एकदा तिरुपतीहून पुढे चेन्नईला जाऊ म्हणाले,
आणि सुताचे पैसे द्यायचे होते म्हणून परत आले.

पाण्याच्या टाकीपासून
रंगवलेलं सूत वाळत घालायच्या बांबूपर्यंत
तांब्याची एक तार ताणलेली आहे.
हौशी रेडिओचं लायसन व्यंकटेश्वराच्या फोटोखाली.
सात वाजले की नायना हेडफोन चढवतात,
मी ऑर्डरबुक उघडते:
पानाच्या या बाजूला टॉवेलांचे डझन,
उलट्या बाजूला अरबी समुद्र.

गोवर्धन कुणा दुसऱ्याची शिडाची बोट
मस्कतला पोचवायला निघालाय.
बोटीवरचा हवामानाचा नकाशा छापणारा डबा
कोची सोडल्यापासून मुका.
म्हणून कुठल्यातरी किनाऱ्यावरचा एक माणूस
झोप आल्यासारख्या आवाजात प्रत्येक ओळ दोनदा वाचतो,
मी लिहून घेते,
आणि नायना ते पुन्हा समुद्रात सोडतात.

वारा ईशान्य, पंधरा नॉट. लाटा अडीच मीटर.
"अडीच मीटर म्हणजे डबल चादर," नायना मला म्हणाले,
"वर बोटभर."
तेव्हापासून घरात लाटा चादरीतच मोजतात.
आई विचारते, आज किती?
एक, आई. आज सिंगल.

कार्तिकातल्या त्या मंगळवारी
आकडे वाढत गेले.
कमी दाबाचं क्षेत्र, चौदा उत्तर, सदुसष्ट पूर्व,
सरकतंय वायव्येकडे,
वारा चाळीस, झोत पंचावन्न, लाटा...
आणि तिथे चिलवेरींच्या कारखान्यातले अठ्ठेचाळीस माग
आमच्या तारेवर चढले.
मोटरींची खरखर. लाटा खरखर मीटर.

नायना लुंगी खोचत खाली गेले.
चिलवेरींची गाडी उद्या सकाळी भरायची होती.
काय बोलणं झालं ठाऊक नाही.
आधी एक ओळ थांबली, मग दुसरी,
मग गल्ली अशी गप्प झाली
की समोरच्या घरात कुणीतरी भांडं ठेवलं तेही ऐकू आलं.
कामगार दारात येऊन विड्या पेटवायला लागले,
वर आमच्या तारेकडे बघत.

दुसऱ्या वाचनात सापडलं.
लाटा पाच मीटर.
दोन चादरी, टोकाला टोक शिवलेल्या.
पेन्सिलीचं टोक मोडलं, मी नखाने लिहिलं.

"गोवर्धन, वायव्येला नको. दक्षिणेला उतर. दक्षिणेला. ऐकतोयस?"
नुसती हवा.
"दक्षिणेला."
नुसती हवा.
नायनांचा अंगठा बटणावर,
जसा तुटलेल्या धाग्यावर असतो,
गाठ बसेपर्यंत न उचलायचा.

मग तो आला, चाळणीतून गाळल्यासारखा:
"नायना... मागे माग ऐकू येत नाहीत.
घरी काय झालं? संप आहे? आई बरी आहे?"

नायनांनी हेडफोन काढून माझ्याकडे दिला.
तोंड फिरवून सुताच्या लडी चाचपत राहिले,
वाळल्यात का बघत. त्या दुपारीच वाळल्या होत्या.

मी सांगितलं, सगळे बरे आहेत.
आकडे वाचले, दोनदा, त्या माणसासारखे.
"उतरतो दक्षिणेला," तो म्हणाला.
आणि मग, "माग सुरू करायला सांग गं.
चुकल्यासारखं वाटतंय."

मी कठड्यावरून हात केला.
खाली कुणीतरी विडी विझवली.